मध्ययुगीन धाटणीचा ग्रंथ बांधताना: कोऱ्या तावापासून धातूच्या आकड्यापर्यंत

मध्ययुगीन युरोपातल्या हस्तलिखितांसारखा ग्रंथ हाताने बांधायला घेतला, की चुका शेवटी दिसतात आणि झालेल्या असतात सुरुवातीला. कणा, म्हणजे शिलाईची बाजू, फुगून पाचरीसारखा होतो, मुखपृष्ठाची लाकडी फळी वाकते, ग्रंथ अर्धाच उघडतो. मग त्यावर उपाय म्हणून कण्यावर चिकट थर चढवला जातो आणि उरलीसुरली लवचिकताही जाते. या बांधणीत चिकटवायच्या खळीचं काम फार थोडं आहे. पानांना शिलाई धरते, शिलाईला वाद्या धरतात आणि वाद्या फळ्यांत अडकतात. ही साखळी नीट जमली, तर खळ न लावताही ग्रंथ उभा राहतो. खालचे सगळे टप्पे या एकाच हिशेबाने लावले आहेत, म्हणून त्यांचा क्रम बदलू नका.

तीन शब्द आधी पक्के करू. कागदाचा अखंड तुकडा म्हणजे ताव. मधोमध दुमडून एकात एक बसवलेल्या तावांचा संच म्हणजे जुज. ज्या चामडी पट्ट्यांवर जुजं शिवायची, त्या वाद्या.

जमवाजमव

चौदाव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्यात कागदाची चार मापं दगडावर कोरून ठरवून दिली होती. त्यांतलं सर्वांत लहान माप साधारण ४५ × ३१.५ सें.मी. पहिल्या ग्रंथासाठी हेच घ्या. ताव एकदा दुमडला की ३१.५ × २२.५ सें.मी.चं पान मिळतं. हाताला झेपणारं आणि चुका स्पष्ट दाखवणारं हे माप आहे. पाच तावांचं एक जुज, अशी बारा जुजं धरली तर ६० ताव लागतात, म्हणजे १२० पानं, २४० पृष्ठं. ताव ७० तरी हाताशी ठेवा. जिलेटिनची खळ देताना (टप्पा २) काही हमखास फाटतात.

बाकीचं साहित्य असं: न रंगवलेला लिननचा दोरा, मधमाश्यांचं मेण, बोथट टोकाच्या सुया, बारीक आरी, घडी दाबायला हाडाची घोटणी, तुरटीने कमावलेलं पांढरं जाड कातडं, रुंद चिरलेल्या ओक किंवा बीच लाकडाच्या ६ ते ८ मि.मी. जाडीच्या दोन फळ्या, पटाशी, गिरमिट, चर्मपत्राच्या (लिहिण्यासाठी तयार केलेल्या पातळ कातड्याच्या) अरुंद पट्ट्या, चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ, वाद्या ताणून धरणारी शिवणचौकट आणि दाबायला वजनं किंवा शिकंजा.

सावधान: तुरटीने कमावलेलं कातडं पाण्यात भिजत घालू नका. त्यातली तुरटी पाण्याने धुऊन निघते आणि वाळल्यावर ते कातडं शिंगासारखं कडक होतं. वादी मऊ करायचीच असेल, तर ओलसर फडक्यात थोडा वेळ गुंडाळणं पुरेसं आहे.

टप्पा १: ताव उठवणं आणि वाळवणं

तयार हातकागद घेणार असाल तर हा टप्पा सोडा, फक्त शेवटची तपासणी करा.

लगदा लिनन किंवा हेम्पच्या जुन्या चिंध्यांचा हवा. साचा, म्हणजे जाळीची चौकट, लगद्यातून वर काढला की पाणी निथळायच्या आत त्याला दोन्ही दिशांनी हलका हिसका द्यायचा असतो, पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे. हा हिसका उशिरा दिला तर तंतू बसून गेलेले असतात आणि तावात ढगासारखे दाट-विरळ पट्टे राहतात. ताव लोकरी नमद्यावर (जाड दाबलेल्या लोकरीच्या कापडावर) उलटताना साचा एका काठापासून दुसऱ्या काठाकडे लोळवत न्या, सपाट आपटू नका.

थर दाबून पाणी काढलं, की ताव एकेक वेगळे न करता चार-पाच एकत्र ठेवूनच दोरीवर टाका. जुन्या गिरण्यांत असंच वाळवत. एकटा ताव वाळताना सुरकुततो आणि काठ ताणले जातात, गठ्ठ्यातले ताव एकमेकांना सपाट धरून ठेवतात. वाळल्यावर ते अलगद सुटतात.

तपासणी: ताव उजेडापुढे धरा. बारीक जवळजवळ रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या विरळ साखळीरेषा दिसतील. मधोमध एकदा दुमडलेल्या मोठ्या पानात साखळीरेषा कण्याला समांतर, म्हणजे उभ्या हव्यात. ज्या तावात त्या आडव्या येतात, तो चुकीच्या बाजूने कापलेला आहे. तो बाजूला काढा.

यंत्रावरच्या कागदाबद्दलचा नियम इथे आंधळेपणाने लावला जातो. यंत्राच्या कागदात तंतूंची दिशा ठळक असते आणि ती कण्याला समांतर ठेवावीच लागते. हाताने उठवलेल्या तावात तंतू बहुतेक सर्व दिशांना पसरलेले असतात, म्हणून इथे निर्णय तंतूंच्या दिशेपेक्षा जाडीच्या सारखेपणावर घ्या.

टप्पा २: जिलेटिनची खळ

खळ न दिलेला ताव टिपकागदासारखा शाई ओढतो. मध्ययुगीन युरोपात कातड्याच्या कातरणांपासून काढलेलं जिलेटिन यासाठी वापरत. आज शुद्ध जिलेटिन पावडर घ्या.

१. एक लिटर थंड पाण्यात २० ते ३० ग्रॅम जिलेटिन टाका. अर्धा तास तसंच फुगू द्या. थेट गरम पाण्यात टाकलं तर गोळे होतात आणि ते तावावर डाग बनून उमटतात.

२. भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून द्रावण पातळ करा. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. उकळलं की जिलेटिनची ताकद तुटते. खळ दिसायला तशीच दिसते, कागदाला मात्र धरत नाही.

३. साधारण ५० अंशांवर असताना चार-पाच ताव एकत्र धरून एका बाजूने आत सोडा, हलवा, पालटा, उलट काठाने बाहेर काढा. ओला ताव कोपऱ्याला धरून उचलू नका. दोन्ही हातांनी पूर्ण काठ पकडा, किंवा खाली जाळी ठेवून जाळीसकट उचला.

४. गठ्ठा हलका दाबा, जास्तीची खळ निथळू द्या, मग ताव लगेच वेगळे करून वाळत टाका. इथे उशीर झाला तर ते एकमेकांना चिकटतात.

५. सावकाश वाळवा. वारा, ऊन, पंखा यांनी कोपरे आधी कोरडे पडतात आणि ताव वाकतो.

अनेक कृतींत खळीत तुरटी घालायला सांगतात. मी घालू नका असं म्हणेन. तुरटीने खळ घट्ट होते हे खरं, पण ती कागदात आम्ल सोडते, आणि आपल्याला कागद पिढ्यानपिढ्या टिकवायचा आहे.

खळ दिलेले ताव वाळल्याबरोबर वापरू नका. वजनाखाली निदान दोन-तीन आठवडे ठेवा, मग गुळगुळीत दगडाने हलके घोटा.

तपासणी: एका कोपऱ्यावर शाईची बारीक रेघ ओढा. रेघेच्या कडा स्वच्छ राहिल्या तर ठीक. तंतूंतून शाई पाय फुटल्यासारखी पसरली तर खळ पातळ झाली आहे. पूर्ण गठ्ठ्याला पुन्हा एकदा खळ द्या.

टप्पा ३: घड्या आणि जुजं

जुज किती तावांचं करायचं हा या साऱ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे आणि तो घाईत घेतला जातो. चर्मपत्राच्या ग्रंथांत चार तावांची, म्हणजे आठ पानांची जुजं सर्रास दिसतात. कागदी ग्रंथांत मात्र पाच किंवा सहा तावांचीही भरपूर आहेत, आणि त्यामागे साधा हिशेब आहे.

प्रत्येक जुजातून दोऱ्याचा एक पदर जातो आणि तेवढी जाडी फक्त कण्याकडे वाढते. ०.५ मि.मी. जाडीचा दोरा आणि बारा जुजं, म्हणजे कण्याकडे कच्च्या हिशेबाने ६ मि.मी. जादा. हातकागद मऊ असल्याने बराचसा दोरा घडीत बुडतो आणि उरलेला फुगवटा कणा थोडा गोल होण्यात जिरतो. हीच १२० पानं दोन-दोन तावांच्या जुजांत शिवली, तर जुजं तीस होतात आणि फुगवटा १५ मि.मी. हा कुठेच जिरत नाही. ग्रंथ पाचरीसारखा होतो आणि मग कितीही वजन ठेवा, फळ्या समांतर बसत नाहीत.

ताव एकेक करून दुमडा, पाचही एकदम नाही. एकदम दुमडले तर आतले ताव घडीपाशी चुरगळतात. घोटणी थेट कागदावर फिरवू नका, मध्ये कोरा कागद धरा, नाहीतर घडीवर चकाकी येते. मग एकात एक बसवा आणि वरचा काठ सारखा करा. बाहेरचा उभा काठ पायऱ्यांसारखा दिसेल, तो दिसू द्या. तो आत्ताच कापला तर आतली पानं अरुंद होतात.

प्रत्येक जुजाच्या मधल्या घडीत १० ते १५ मि.मी. रुंदीची चर्मपत्राची पट्टी दुमडून ठेवा, चिकटवू नका. शिलाईचा ताण कागदाऐवजी या पट्टीवर येतो. पंधराव्या शतकातल्या कितीतरी कागदी हस्तलिखितांत अशा पट्ट्या आजही जागेवर आहेत. पट्टी रुंद घेऊ नका. चर्मपत्र हवेतल्या ओलाव्याने कागदापेक्षा कितीतरी जास्त हलतं आणि रुंद पट्टी शेजारच्या पानाला लाटा आणते.

सगळी जुजं फळ्यांमध्ये धरून निदान दोन दिवस दाबून ठेवा.

टप्पा ४: लेखन बांधणीच्या आधी

ग्रंथ बांधून मग लिहायला बसणं ही फार वारंवार होणारी चूक आहे. लेखनिक सुट्या जुजांवर लिहीत. बांधलेल्या ग्रंथात कण्याजवळ हात सपाट टेकत नाही आणि ओळी आतल्या बाजूला घसरतात.

बाहेरच्या समासात आरीने बारीक टोचे मारा. सगळे ताव एकत्र धरून टोचले की साऱ्या पानांच्या ओळी जुळतात. मग शिशाच्या टोकाने रेषा आखा. आतला समास सर्वांत अरुंद आणि खालचा सर्वांत रुंद ठेवा, पण वाद्यांवर शिवलेला जाड ग्रंथ कण्यापाशी पूर्ण सपाट होत नाही म्हणून आतला समास २० मि.मी.च्या खाली नेऊ नका.

प्रत्येक जुजाच्या शेवटच्या पृष्ठावर तळाशी पुढच्या जुजाचा पहिला शब्द लिहा. शिवताना क्रम चुकू नये म्हणून ही खूण असते. ग्रंथ कोरा ठेवणार असाल तर तळाच्या कोपऱ्यात बारीक अंक घाला.

मायफळ आणि लोहक्षारांची शाई लिहिताना फिकी असते आणि हवेत काळी पडत जाते. ती पूर्ण काळी आणि कोरडी होईपर्यंत पानं दाबू नका.

टप्पा ५: टोचे आणि चौकट

या मापाला चार वाद्या बऱ्या. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर कण्याची उंची घ्या. वरून आणि खालून १५ मि.मी.वर एकेक खूण करा, त्या जुजं एकमेकांना जोडणाऱ्या गाठींच्या जागा. त्यांच्या मधल्या अंतरात चार वाद्यांच्या जागा सारख्या अंतरावर आखा.

प्रत्येक जुज मधोमध उघडून, पट्टी घडीत बसवून, आरीने आतून बाहेर टोचा. आरी तिरपी गेली तर भोक घडीच्या बाजूला पडतं आणि तिथून ताव फाटतो. करवतीने साऱ्या कण्यावर एकदम खाचा पाडण्याची पद्धत इथे वापरू नका. ती वाद्या कण्यात बुडवण्यासाठी असते. आपल्या वाद्या कण्यावर उभ्या राहणार आहेत.

वाद्या १० ते १२ मि.मी. रुंद कापा आणि कण्याच्या जाडीएवढ्याच लांबीत मधोमध उभ्या चिरा. चीर लांब गेली तर फळीत ओवताना वादी तिथेच दुभंगते. दोन्ही बाजूंना १० सें.मी. जादा लांबी सोडून वाद्या चौकटीवर उभ्या बांधा आणि सगळ्यांचा ताण सारखा करा.

तपासणी: बोटाने प्रत्येक वादी बाजूला ढकला. सगळ्या सारख्याच हलल्या पाहिजेत.

टप्पा ६: शिलाई

दोरा हातभर लांबीच्या दुपटीपेक्षा जास्त घेऊ नका आणि मेणातून एकदाच ओढा. मेण जास्त झालं की दोरा घसरतो आणि गाठ बसत नाही.

१. पहिलं जुज वाद्यांना कणा लावून ठेवा. गाठीच्या भोकातून सुई आत न्या, शेपूट बाहेर ठेवा.

२. पहिल्या वादीच्या भोकातून बाहेर या. दोरा चिरेतून, म्हणजे वादीच्या दोन पदरांच्या मधून निघेल. पुढच्या पदराला वेढा घालून पुन्हा चिरेत या, मग मागच्या पदराला वेढा घालून चिरेतून त्याच भोकात आत जा. वरून पाहिलं तर इंग्रजी आठाचा आकार दिसतो.

३. वेढे किती, हे जुजाच्या जाडीवर ठरवा. दाबलेलं जुज २ मि.मी. आणि दोरा ०.५ मि.मी. असेल तर प्रत्येक पदरावर चार वेढे शेजारी-शेजारी बसतात. एकच वेढा घालून पुढे गेलं तर वादी उघडी राहते आणि उघडताना कणा मध्येच कडक कोनात मोडतो. वेढे घट्ट भरले की कणा कमानीत वळतो. या बांधणीचा टिकाऊपणा मुख्यत्वे इथे आहे, म्हणून कंटाळा आला तर काम थांबवा, पण वेढे गाळू नका.

४. शेवटच्या गाठीच्या भोकातून बाहेर या, दुसरं जुज वर ठेवा, उलट दिशेने शिवत परत या. शेपटीशी दोन गाठी मारा.

५. तिसऱ्या जुजापासून प्रत्येक टोकाला सुई खालच्या दोन जुजांच्या मधून, त्यांना जोडणाऱ्या दोऱ्यामागून काढा, झालेल्या फासातून वर घ्या आणि मगच पुढचं जुज ठेवा.

सावधान: दोरा नेहमी कण्याला समांतर, शिलाईच्या दिशेने ओढा. आपल्याकडे किंवा वर ओढला की तो करवतीसारखा घडी चिरत जातो. हे नुकसान त्या वेळी दिसत नाही.

दोरा संपला की नवा कण्याच्या बाहेर, वादीजवळ जोडा. जुजाच्या आतली गाठ पानावर कायमचा उंचवटा उठवते.

तपासणी: दर तीन जुजांनंतर घोटणीने वेढे खाली दाबा आणि मोजपट्टीने कणा आणि समोरचा काठ मोजा. कण्याकडची जाडी फार पुढे गेली असेल तर पुढच्या जुजांत ताण किंचित वाढवा, वेढ्यांची संख्या तीच ठेवा. जुज ठेवण्याआधी तळाचा शब्द वाचा. सात जुजांनंतर चुकलेलं चौथं जुज काढायचं म्हणजे सगळं उसवायचं.

टप्पा ७: कणा आणि टोकपट्ट्या

शिलाई चौकटीवरून काढा, वाद्यांची टोकं लांब राहू द्या. कणा हातांनी किंचित गोल करा. हातोडीने ठोकून दोन्ही बाजूंना खांदे पाडण्याची रीत नंतरची आहे, ती इथे नको. वाद्यांच्या मधल्या जागांत पातळ खळ लावून चर्मपत्राचे किंवा लिननचे तुकडे बसवा. पांढरा पॉलिमर गोंद वापरू नका. तो नंतर सोडवता येत नाही आणि वेढ्यांनी मिळवलेली कमान गोठवून टाकतो.

काठ कापायचे तर आत्ता. मग वर आणि खाली कातड्याच्या बारीक दोरीवर टोकपट्टी शिवा. प्रत्येक जुजाच्या मधल्या घडीतून दोरा खाली न्या, एकही जुज सोडू नका. ही शोभेची पट्टी नाही. तिची टोकंही फळीत ओवली जातात आणि कण्याच्या दोन टोकांना तीच धरते.

टप्पा ८: फळ्या

लाकडाचे रेषे कण्याला समांतर ठेवा. लाकूड रेष्यांना आडवं फुगतं आणि आखडतं, लांबीत जवळजवळ नाही. रेषे आडवे ठेवले तर फळीची उंची ऋतूप्रमाणे बदलते आणि वाद्यांच्या जागा कण्याशी जुळेनाशा होतात.

रेषे उभे असल्याने दुसरा धोका येतो: सगळी भोकं एका उभ्या रेषेत पाडली की फळी तिथेच चिरते. म्हणून ती पुढे-मागे पाडा, एक कण्यापासून २५ मि.मी.वर, पुढचं ४० मि.मी.वर. कण्याकडची कड गोल करा. बाहेरच्या बाजूने कडेपासून भोकापर्यंत वादीच्या जाडीएवढा चर पटाशीने कोरा. वादी कडेवरून चरात, चरातून भोकात आणि आतल्या बाजूला जाते.

सगळ्या वाद्या ओवून ओढा, पण अजून पाचर ठोकू नका. फळी पूर्ण उघडा, बंद करा. बंद असताना ती पानांवर सपाट बसली आणि उघडताना पहिलं जुज तिच्याबरोबर उचललं गेलं नाही, तर ताण बरोबर. उचललं गेलं तर वाद्या सैल करा. फळी खाली घसरत असेल तर ओढा.

मग भोकांत लाकडी पाचरी ठोका. पाचरीचा दाब रेष्यांच्या दिशेने पडेल अशा बेताने ती बसवा. आडवा दाब पडला की फळी फाटते. बाहेर आलेली टोकं पटाशीने समतल करा.

टप्पा ९: कातडं, अस्तर, आकडा

कातड्याच्या कडा पातळ तासा, आतल्या बाजूला खळीचे दोन हात द्या. पहिला मुरल्यावर दुसरा. कण्यावर बसवून वाद्यांच्या दोन्ही बाजूंना घोटणीने दाबा आणि दोऱ्याने बांधून ठेवा. फळ्यांवर कातडं ताणू नका. वाळताना ते आखडतं आणि फळी बाहेरच्या बाजूला वाकवतं. टिपकागदांमध्ये हलक्या वजनाखाली, टिपकागद बदलत, पूर्ण वाळू द्या.

अस्तराचं पान त्यानंतरच आतून चिकटवा. ते वाळताना फळीला आत ओढतं आणि कातड्याच्या ताणाला तोल देतं, म्हणून ते गाळू नका.

शेवटी चामड्याचा पट्टा आणि धातूचा आकडा. ओलावा वाढला की पानं फुगतात आणि फळ्या उघडतात, आकडा त्यांना आवरतो. पट्ट्याची लांबी ग्रंथ तळहातांनी दाबून धरल्यावर मोजा. सैल ग्रंथावर मोजली तर पहिल्या कोरड्या महिन्यातच आकडा लोंबकळू लागतो. घट्टपणा इतकाच हवा, की फळी अंगठ्याने जरा दाबल्यावर आकडा सुटेल.